दोन पानं एकदम

सभागृहातली मुलगी चार वाजता यायची होती, आणि दोन वाजल्यापासूनच घरात दोन तट पडले होते.

एका बाजूला ताई. दादांची थोरली मुलगी, शाळेत मुलांना संगीत शिकवणारी, आणि एकदा तावातावानं बोलायला लागली की घरातही वर्गातला आवाज लावणारी. "आत्यानं सांगायलाच पाहिजे," जेवणाची भांडी आवरता आवरता ती म्हणत होती. "एकतीस वर्षं ती चूक बाबांच्या नावावर आहे. आता घुमट पुन्हा उघडतोय, त्यांचं आठवणींचं पुस्तक निघतंय. एकदा छापून येऊ दे की बाबा चुकले नव्हते."

दुसऱ्या बाजूला तिचा धाकटा भाऊ. तो दातांचा डॉक्टर होता आणि घरातसुद्धा सगळे त्याला डॉक्टरच म्हणत. "आणि आत्याचं काय?" तो म्हणाला. "एकाहत्तराव्या वर्षी तिनं छापून घ्यायचं की घोळ मी घातला म्हणून? कशाला उकरून काढायचं? न दुखणारा दात मी कुणाचा काढत नाही."

"दुखतोय की नाही ते तिला विचार ना."

"विचारा की," आत्या म्हणाली. ती दोघांच्या मधोमध बसून टेबलावरचे पावाचे कण तळहातानं गोळा करत होती. "माझ्यादेखत माझ्याबद्दल असं बोलताय, जशी काही मी बाहेरगावी गेलेय."

सूनबाई खुदकन हसली. एरवी ती हटकून नणंदेच्या बाजूनं असायची, कारण नवऱ्याविरुद्ध मत द्यायची तेवढीच सोय होती. आज मात्र तिनं अंग काढून घेतलं होतं. "मी कपबशा काढते," एवढंच म्हणून ती आत गेली.

"मी सांगणार आहे," आत्या म्हणाली. "माझं ठरलंय. डॉक्टर, तू चिडू नकोस. मला बरं वाटेल."

तेवढ्यात पुढच्या खोलीतून दादांचा आवाज आला. "नको म्हटलं ना!"

दादा कधी आवाज चढवत नसत. पुढची खोली हे त्यांचं दुकान आणि कारखाना, दोन्ही. भिंतीला टांगलेली व्हायोलिनं, सरसाचं भांडं, रोगणाचा वास, आणि खिडकीपाशी उंच स्टुलावर दादा. शहात्तराव्या वर्षीही ते मोडकी व्हायोलिनं दुरुस्त करत. आत्ता त्यांच्यासमोर एक व्हायोलिन पोट उघडून पडलं होतं. त्यांनी मान वर केली नव्हती.

"माझी काही तक्रार आहे का?" ते जरा खालच्या सुरात म्हणाले. "नाही ना? मग विषय संपला. तिला मैफलींच्या गमतीजमती सांगा, चहा पाजा, पाठवून द्या."

"बघ," ताई हळूच आत्याला म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "अजूनही तुलाच सांभाळतायत."

असं या घरात वर्षानुवर्षं चालत आलं होतं.

घुमट म्हणजे शहरातलं जुनं संगीत सभागृह. त्याचं खरं नाव दारावर कोरलेलं होतं, पण तांब्याच्या हिरव्या पडलेल्या घुमटामुळे सगळं शहर त्याला घुमटच म्हणे. तिथं आत्या अठरा वर्षं पानं उलटायचं काम करत होती. पियानो वाजवणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. समोरच्या नोटेशनची पानं कुणीतरी उलटावी लागतात. ते कुणीतरी म्हणजे आत्या. पियानोवाल्याच्या डाव्या अंगाला, जरा मागे, साध्या खुर्चीत. पान संपत आलं की उठायचं, डावा हात वरून न्यायचा, कोपरा चिमटीत धरायचा, आणि त्यानं मान हलवली की उलटायचं. आवाज न करता, सावली न पाडता. कामात कौशल्य असं की ती तिथं आहे हे कुणाच्या लक्षातच येऊ नये. मोठमोठे वादक गावात यायच्या आधी कळवायचे, पानं उलटायला त्या बाईच हव्यात.

आणि दादा त्या वेळी शहरातले पहिल्या नंबरचे व्हायोलिनवादक होते.

मग तो रविवार आला. दुपारची मैफल, बाहेरगावचा नावाजलेला पियानोवादक आणि त्याच्याबरोबर दादा. सभागृह गच्च भरलेलं. मैफलीचा शेवटचा भाग चालू असताना आत्यानं पान उलटलं, आणि एकाऐवजी दोन पानं गेली. पियानो भलतीकडेच गेला, व्हायोलिन थांबलं, आणि भरल्या सभागृहात सगळंच थांबलं. पियानोवाल्यानं हसून वेळ निभावून नेली, पुन्हा मागून सुरुवात करून तुकडा संपवला. पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरात टीकाकारानं लिहिलं की व्हायोलिनवादक वाट चुकले. दादांनी त्यानंतर मंचावर पाऊल ठेवलं नाही. आत्यानंही नाही. घुमटाच्या व्यवस्थापकानं तीनदा निरोप पाठवला, तेव्हा तिनं तीनदा डोकं दुखत असल्याचं कळवलं, आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी धरली.

मैफलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती दादांकडे गेली होती. तो पेपर टेबलावर उघडा होता. "दादा, दोन पानं गेली माझ्या हातून," ती उभ्या उभ्याच म्हणाली. दादांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "जाऊ दे. कुणाला सांगू नकोस. मीही सांगणार नाही."

बस, एवढंच. पुढे दीड वर्षांनी वहिनी आजारी पडून गेल्या, ताई तेव्हा दहा वर्षांची आणि डॉक्टर सात वर्षांचा. आत्यानं आपली भाड्याची खोली सोडली आणि दोन पिशव्या घेऊन इथं आली ती कायमची. मुलं मोठी झाल्यावर तिनंच त्यांना तो रविवार सांगितला. तुमचा बाप कसा माणूस आहे हे कळावं म्हणून. मुलांनी ते जपून ठेवलं. या घरात कुणी रागावलं, कुणाचं बिनसलं, की कुणीतरी म्हणायचंच: बाबांनी आत्याला एका शब्दानं दुखवलं नव्हतं, आणि तुम्ही एवढ्याशा गोष्टीवरून भांडता?

* * *

मुलगी अगदी चारच्या ठोक्याला आली. तिशीच्या आतली, पाठीवर मोठी पिशवी, बोलणं भरभर. सभागृहाच्या जुन्या कागदपत्रांचं आणि ध्वनिफितींचं काम तिच्याकडे होतं. तिनं टेबलावर एक छोटं यंत्र ठेवलं, त्याचा लाल दिवा लागला, आणि सगळे एकदम ताठ होऊन बसले. दादा दाराशी, खुर्ची निम्मी पुढच्या खोलीत ठेवून.

"कुठूनही सुरुवात करा," मुलगी म्हणाली. "काहीही चालेल."

आत्यानं पदराशी चाळा केला, घसा साफ केला. आता बोललं नाही तर धीर सुटेल हे तिला माहीत होतं. "मला एका रविवारबद्दल सांगायचंय," ती म्हणाली. "दुपारची मैफल होती. माझे दादा वाजवत होते, आणि मी..."

"थांबा, थांबा!" मुलीनं टाळीच वाजवली. "तुम्ही दोघं एकत्र मंचावर होतात ती शेवटची मैफल ना? त्याचंच मी तुमच्यासाठी काहीतरी आणलंय. मंचामागच्या कपाटात फिती निघाल्या. रेडिओवाल्यांनी तेव्हा ध्वनिमुद्रण करून ठेवलं होतं, पण लावलंच नाही कधी. मी गेल्याच आठवड्यात साफ करून घेतलं."

"काय घेऊन आलाय?" दादांनी विचारलं.

"तुमचं वाजवणं, आजोबा!" ती आनंदानं म्हणाली.

दादा अर्धवट उठले. "कशाला ते. जुनंपानं. या उन्हात मला जरा..."

"बाबा, बसा हो!" ताईनं त्यांचा दंड धरून खाली बसवलं. "तुम्ही वाजवलेलं मी नऊ वर्षांची असताना ऐकलंय. मला धड आठवतही नाही. तुम्ही आम्हाला दारंखिडक्या लावूनसुद्धा कधी वाजवून दाखवलं नाहीत."

डॉक्टर आणि ताईचं दिवसभरात पहिल्यांदाच एकमत झालं. "लावा," तोही म्हणाला.

मुलीनं फोनला छोटा स्पीकर जोडला.

आधी नुसती खरखर आली. मग सभागृह आलं. दुसरं काही म्हणता येणार नाही, सभागृहच खोलीत आलं. कुणीतरी खोकलं, खुर्ची करकरली, उंचावर घुमटात कबुतरं फडफडली. आत्याच्या अंगावर काटा आला. मंचाची तिसरी फळी तिच्या पायाखाली वाजायची, ती सुद्धा वाजली.

मग दादा वाजवायला लागले.

सूनबाईनं हातातली किटली तशीच धरून ठेवली. या घरात येऊन तिला बारा वर्षं झाली होती, आणि सासऱ्यांना तिनं सरस ढवळतानाच पाहिलं होतं. ताईचं तोंड उघडं राहिलं. तिच्या कामाचीच गोष्ट होती, त्यामुळे तिला इतरांपेक्षा जास्त कळत होतं, आणि जे कळत होतं त्यानं ती हळूहळू पांढरी पडत चालली होती. "बाबा," ती पुटपुटली, "हे तुम्ही सोडून दिलंत?"

आत्या मनानं केव्हाच खुर्चीतून उठली होती. पान संपत आलं की तिचा डावा हात टेबलावरून आपसूक वर यायचा. पुढे काय आहे हे तिला तोंडपाठ होतं. आता व्हायोलिनची ती लांब चढण, एकेक पायरी वर, पियानो खाली संथ. वरचा सूर लागतो, तो लांबतो, आणि त्या लांबलेल्या सुराच्या शेवटी पान. तिथंच गेली होती दोन पानं. तिनं डोळे मिटून घेतले.

चढण सुरू झाली. वर, आणखी वर. आणि वरच्या सुराच्या एक पायरी आधी व्हायोलिन घसरलं. काहीतरी खरवडल्यासारखं वाजलं, आणि थांबलं.

पियानो एकटाच चालत राहिला.

मग फर्रकन कागद वाजला. मग पियानो भलतीकडे गेला. मग सगळंच थांबलं, आणि सभागृहात कुजबूज उठली.

मुलीनं घाईनं बंद केलं. "हां, इथं जरा गडबड झाली होती बहुतेक. पुढचं लावते."

"मागे घ्या," आत्या म्हणाली. "चढणीपासून."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा आत्यानं टेबलावर बोट आपटून मात्रा मोजल्या. व्हायोलिन थांबलं. एक. दोन. तीन. चार. फर्र.

चार मात्रा. चार मात्रा म्हणजे तिच्या कामात भला मोठा वेळ. तेवढ्यात एखादी बाई उठून उभी राहते, कोपरा पकडते, आणि व्हायोलिन का वाजत नाही म्हणून दचकून तिकडे बघते. त्या दचकण्यात चिमटीत एक पान जास्त येऊ शकतं.

"आत्या," ताई अगदी हळू म्हणाली, "व्हायोलिन आधी थांबलंय."

"म्हणजे?" डॉक्टरनं विचारलं.

आत्या दादांकडे बघत होती. दादा स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होते. मुलगी यंत्राचं एखादं बटण चुकीचं दाबलं गेल्यासारखा चेहरा करून बसली होती. सूनबाईनं किटली खाली ठेवली. "चला, तुम्हाला आमची मागची बाग दाखवते," ती मुलीला म्हणाली. मागे बाग अशी नव्हतीच, चार कुंड्या होत्या. पण मुलगी शहाणी, यंत्र बंद करून लगेच उठली.

आत्या चालत पुढच्या खोलीत गेली. दादा तिच्या मागोमाग आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

* * *

"बोल," आत्या म्हणाली.

दादांनी उत्तरादाखल डावा हात पुढे धरला. "हे बोट," ते अनामिकेला हात लावून म्हणाले. "त्याच्या आधीच्या वर्षापासून आपोआप आत वळायला लागलं होतं. एरवी काही नाही. घास घे, बटण लाव, छिन्नी धर, सगळं ठीक. व्हायोलिन धरलं की वळायचं. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, यावर इलाज नाही, वाजवणं सोडा. मी म्हटलं, एवढी एक मैफल करतो."

"कुणाला माहीत होतं?"

"तुझ्या वहिनीला."

"आणि मी दुसऱ्या दिवशी आले. पेपर उघडा होता."

"हो."

"मी म्हटलं, दोन पानं गेली माझ्या हातून."

"हो."

"आणि तू म्हणालास, जाऊ दे." आत्याचा आवाज चढला नव्हता. मुद्रितं तपासताना ती जसं एकेक शब्द बोटानं दाबत जायची, तसं ती बोलत होती. "तू मला माफ केलंस, दादा. तुझ्या चुकीसाठी."

दादा स्टुलावर बसले. "पानं खरंच गेली होती तुझ्या हातून," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण त्यांनी मान खाली घातली. "नाही. तसं नाही. खरं सांगू? तू दारात उभी राहून ते म्हणालीस ना, तेव्हा मला बरं वाटलं. रात्रभर मी विचार करत होतो की आता लोकांना काय सांगायचं, मुलांना काय सांगायचं. बोट गेलं म्हणजे मीच गेलो, असं वाटत होतं. आणि तू येऊन म्हणालीस की तुझ्यामुळे झालं. म्हटलं, आजचा दिवस असंच राहू दे. उद्या सांगू."

"आणि उद्या?"

"उद्या परवा म्हटलं. तुझी वहिनी दर आठवड्याला माझ्यामागे लागायची. सांगा तिला, सांगा तिला. मग ती गेली. मग तू आलीस." त्यांनी डोळे पुसले, ते रोगणाच्या फडक्यानंच. "घरात दोन लहान पोरं, मला धड भातही लावता येत नव्हता. त्या वेळी सांगितलं असतं तर तू निघून गेली असतीस."

"गेले असते?"

"मला तसं वाटायचं."

"तुला वाटायचं, की मी त्या दोन पानांसाठी इथं राहतेय." आत्या खिडकीपाशी गेली. रस्त्यावर समोरचा न्हावी दुकानाची काच पुसत होता. तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, आणि ओरडायची सवय नसल्यामुळे ते कसं करतात हेच आठवेना. "दादा, मला घुमटातून तीन निरोप आले होते. तो पियानोवाला स्वतः म्हणाला होता, पुढच्या दौऱ्यावर चला. मी गेले नाही. आपल्या हाताला वाहवत जायची सवय लागलीय असं वाटायचं मला. छापखान्यात पान उलटायच्या आधी मी दोनदा चाचपून बघायचे. अजून बघते. पेपर वाचतानासुद्धा."

दादांनी फडक्याची घडी घातली आणि पुन्हा उलगडली.

"आणि आज दुपारी," ती म्हणाली, "'नको म्हटलं ना' म्हणून ओरडलास. मला वाटलं, मला सांभाळतोय."

दार उघडलं. ताई आणि डॉक्टर दोघं उंबऱ्यात उभी होती. चाळिशीच्या आसपासची ती दोन माणसं एकमेकांना चिकटून उभी राहिली होती, लहानपणी काही फोडून यायची तेव्हा राहायची तशी. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे उघड होतं. डॉक्टर बापाकडे बघत नव्हता. ताई बघत होती, आणि ते न बघणं बरं असं बघत होती.

"आत्या," ताईनं विचारलं, "खरं सांग. तू आमच्यासाठी आली होतीस, की त्या पानांसाठी?"

हा प्रश्न येणार हे आत्याला दोन मिनिटांपूर्वीच कळलं होतं, आणि उत्तर गोड करून सांगावं असा मोहही झाला होता. पण आज घरात गोड करून सांगितलेलं पुष्कळ निघालं होतं.

"पानांसाठी," ती म्हणाली. "आले तेव्हा पानांसाठीच आले. तू पहिले सहा महिने माझ्याशी बोलत नव्हतीस, ताई, आणि हा रोज अंथरूण ओलं करायचा. मला कंटाळा यायचा तुमचा. वाटायचं, झालं एकदाचं फेडून की जाईन." तिनं ताईकडे पाहिलं. "मग केव्हातरी तुला गोवर निघाला. नऊ दिवस तू माझा अंगठा सोडला नाहीस. दहाव्या दिवशी तू बरी होऊन खेळायला पळालीस आणि मी या अंगठ्याकडे बघत बसले. त्यानंतर पानं माझ्या डोक्यात असायची, पण राहण्याचं कारण ती नव्हती. मला ते तेव्हा कळलं नाही इतकंच."

डॉक्टर पुढे झाला आणि त्यानं आत्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. तो तिच्यापेक्षा हातभर उंच होता, त्यामुळे त्याला चांगलंच वाकावं लागलं. "मी अंथरूण ओलं करायचो हे त्या यंत्रात गेलं नाही ना?" तो म्हणाला.

"नाही रे. ते बंद आहे."

"चालू करा," दादा म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते स्टुलावरून उतरले होते, आणि उतरताना त्यांनी समोरचं व्हायोलिन सवयीनं फडक्यानं झाकलं होतं. "त्या मुलीला बोलवा. माझं मी सांगतो."

* * *

दादांनी सांगितलं ते जेमतेम पाच मिनिटांचं होतं. बोट कोणतं, केव्हापासून, त्या वेळचे डॉक्टर काय म्हणाले, सूर कुठं घसरला. टीकाकारानं लिहिलं ते बरोबर होतं, हेही सांगितलं. "पानं उलटणाऱ्या माझ्या बहिणीनं दुसऱ्या दिवशी चूक स्वतःवर घेतली, आणि मी ती तिच्यावर राहू दिली," ते म्हणाले. "एकतीस वर्षं." मुलीनं पाण्याचा पेला पुढे केला. ताईनं बापाचा हात हातात घेतला नाही, पण खुर्ची जरा त्याच्याजवळ सरकवली.

"आजी," मुलगी चाचरत म्हणाली, "तुम्हाला यावर काही बोलायचंय?"

"यावर नाही," आत्या म्हणाली. "दुसरं चालेल का?"

"काहीही."

आणि मग आत्या बोलायला लागली. आधी अडखळत, कारण तो रविवार ओलांडून त्याच्या पलीकडे तिनं इतक्या वर्षांत स्वतःला जाऊच दिलं नव्हतं. घुमट म्हटलं की तो एकच दिवस. आज त्याच्यामागे अठरा वर्षं उभी असलेली तिला दिसली, आणि ती एकेक पुढे येऊ लागली.

तिनं सांगितलं, एक जाडजूड पियानोवाला वाजवताना इतका मोठ्यानं गुणगुणायचा की पहिल्या रांगेतले लोक चिडून आत्याकडे बघायचे. त्यांना वाटायचं हीच गातेय. एका गाणाऱ्या बाईंना चपला घालून सूर लागत नसे. त्या मंचावर येऊन चपला काढायच्या आणि पायानंच पियानोखाली सरकवायच्या, आणि एकदा त्यातली एक पियानोच्या पेडलखाली अडकली. एकदा असं वादळ झालं की अख्ख्या सभागृहात अकरा माणसं आली. त्या दिवशीचे चेलोवाले म्हातारे, ते मोठं व्हायोलिन बसून वाजवणारे, मंचाच्या कडेला येऊन म्हणाले, तुम्ही तिथं आणि आम्ही इथं, कशाला, वर या. अकराही जण वर आले, फळ्यांवर मांडी घालून बसले, आणि एक बाई तर इतकी जवळ बसली की दर वेळी पान उलटायला आत्याला तिच्यावरून वाकावं लागत होतं. "तसं वाजवणं मी नंतर ऐकलं नाही," आत्या म्हणाली. "वर पाऊस, आणि सगळे एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर."

एकदा भर मैफलीत वीज गेली. पियानोवाला पाठ असल्यासारखा वाजवत राहिला. मिट्ट काळोख. आत्या बसून राहिली, तर तो वाजवता वाजवता कुजबुजला, "बाई, उलटत राहा. उलटलं की मला पुढचं आठवतं." मग तिनं काळोखात, न दिसणारी पानं, नुसत्या कानानं ओळखून उलटली. अकरा पानं. वीज आली तेव्हा ती बरोबर शेवटच्या पानावर होती.

"अंधारात?" ताई म्हणाली.

"अंधारात. एकही चुकलं नाही." हे बोलल्यावर आत्याला स्वतःलाच नवल वाटलं. ही गोष्ट तिला माहीत होती, घडलीही तिच्याच हातून होती. पण ती स्वतःच्या बाजूनं कधी मोजावी असं तिला सुचलंच नव्हतं. तिनं डाव्या हाताची बोटं पसरून पाहिली आणि पुन्हा मांडीवर ठेवली.

सूनबाईनं चहा दोनदा केला. डॉक्टरनं दवाखान्यात फोन करून संध्याकाळचे दोन पेशंट उद्यावर ढकलले. दादा सगळा वेळ दाराशी बसून ऐकत होते. त्यातल्या निम्म्या मैफलींना ते स्वतः हजर होते, कधी मंचावर, कधी खाली; एकदोनदा काही भर घालावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. चेलोवाल्या म्हाताऱ्यांचं नाव आत्याला आठवेना तेव्हा मात्र ते हळूच म्हणाले, "आपण त्यांना मिशीवाले म्हणायचो."

"हो," आत्या त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "मिशीवाले."

सूर्य समोरच्या छपराआड गेला तशी मुलीनं यंत्र बंद केलं. "मी पुन्हा येऊ का?" तिनं विचारलं. "अजून खूप राहिलंय असं वाटतंय."

"या. गुरुवारी या," आत्या म्हणाली. "आणि ती दादाची फीत आहे ना, चढणीच्या आधीपर्यंतची, तेवढी ताईला पाठवून द्या. तिला शाळेतल्या मुलांना ऐकवता येईल."

दादांनी झटकन मान वर केली. आत्या टेबलावरच्या कपबशा एकात एक घालत होती.

मुलीनं पिशवी पाठीवर चढवली आणि मग तिला आठवलं. तिनं वही उघडली. "एक राहिलंच. पुढच्या महिन्यात पहिली मैफल आहे. निमंत्रणं पाठवायचीत. आपल्याकडे किती पाठवू?"

"आम्हाला तीन," सूनबाई पटकन म्हणाली. "ताई, डॉक्टर आणि मी."

"मला एक," आत्या म्हणाली. "पुढून चौथ्या रांगेतलं द्या. अठरा वर्षं मी मंचावर बाजूला बसले. समोरून कसं दिसतं ते मला माहीतच नाही."

मुलीनं लिहून घेतलं. मग दादांनी घसा साफ केला, आणि एखाद्या अनोळखी दुकानात पहिल्यांदाच आलेल्या माणसानं विचारावं तसं विचारलं, "मला मिळेल का एक?"

"अर्थात, आजोबा! आजींच्या शेजारचंच देऊ ना?"

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. तिनं कपबशांचा मनोरा दोन्ही हातांनी उचलला, नीट तोलून धरला, आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. तिथं ती वळली.

"त्याला शेवटच्या रांगेतलं द्या," ती म्हणाली. "तिथं आवाज सगळ्यात चांगला येतो."

ते खरंही होतं. दादांनी मान हलवली, आणि मुलीनं तसं लिहून घेतलं.